घोटभर चर्चा

वाद मुख्य रस्त्यावरून झाला, पण झाला मात्र घरात, जेवणाच्या टेबलावर, आणि तोही सगळे निम्मे जेवलेले असताना. माणूस उपाशी असला की समजूतदार असतो आणि पोटभर जेवला की झोपाळू होतो. मधल्या अवस्थेत तो राजकारणावर बोलतो.

आमच्या शहराचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा, असं एका पक्षाचं म्हणणं होतं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं होतं की असं म्हणणाऱ्यांचं डोकं तपासावं. मी पहिल्या पक्षाचा. माझं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. पायी चालणारा माणूस माझ्या दुकानाची पाटी एक तर वाचतो, नाही तर त्याला ती वाचता येत नाही, आणि दोन्ही प्रकारे तो माझं गिऱ्हाईक होतो. भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दुसऱ्या पक्षाचे. त्यांचा गाडी शिकवण्याचा व्यवसाय आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांची उमर गेली. त्यामुळे समोरच्याचं वाक्य जरा वेगात आलं की ते ब्रेक दाबतात. मी 'मुळात' असं म्हटलं की ते 'थांब' म्हणतात. मुळात काय, हे आमच्या घरात आजवर कोणालाही कळलेलं नाही.

त्या रविवारी मी म्हणालो, "त्या पक्षाला मत देतात ना, ते सगळे मूर्ख आहेत." वाक्य चांगलं ठसक्यात आलं होतं. येणारच, कारण सकाळी दाढी करताना मी ते दोनदा म्हणून पाहिलं होतं. भावोजींनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "चष्मेवाल्यालाच दिसत नसेल तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचं?" माझी बायको हसली. भावोजींचं वाक्य मी एक वेळ विसरलो असतो, पण घरातलं माणूस हसलं की ते लागतं.

मग मी म्हणालो की आईसुद्धा आमच्याच बाजूची आहे. भावोजी म्हणाले की छे, आई पहिल्यापासून आमच्याच बाजूच्या. आई त्या वेळी आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून भात वाढत होती. तिला विचारण्याइतका वेळ कोणाकडेच नव्हता. शेवटी ताई उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं माणसांसारखं बोलायला शिकलात की कळव. तोवर आम्ही रविवारी आमच्या घरी जेवू."

आई आमच्याकडे असते. आठवडाभर ती रविवारची वाट बघते, हे मला ठाऊक होतं. पण किती बघते ते पुढच्या रविवारी समजलं. तिने नेहमीसारखी सगळ्यांची ताटं मांडली, मग दोन उचलून परत फळीवर ठेवली. "सवय," एवढंच म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तिने ती मांडली आणि उचलली. जेवताना कोणी वाद घातला नाही. इतकं शांत आणि इतकं बेचव जेवण मी कधी जेवलो नव्हतो.

"माफी मागून टाका," बायको म्हणाली.

माफी मागायला माझी काहीच हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की चूक माझी नव्हती. तिकडे भावोजींचीही नेमकी हीच अडचण आहे, असं बायकोला ताईकडून कळलं होतं. दोन निर्दोष माणसांमध्ये समेट घडवणं किती कठीण, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच माहीत.

पण मला खरंच एक कुतूहल वाटायला लागलं होतं. हा माणूस, शिकाऊ पोराने नवी गाडी कठड्याला घासत नेली तरी आवाज चढवत नाही. "काही हरकत नाही, आता चाक डावीकडे घे," असं सांगतो. मी स्वतः ऐकलं आहे, कारण तो शिकाऊ मीच होतो. मग माझ्या एका 'मुळात'ने तो लाल का होतो? दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या जुन्या मासिकांमध्ये मला याचं उत्तर सापडलं, निदान तेव्हा तसं वाटलं. एका लेखात लिहिलं होतं की सभ्य वादाचा नियम एकच: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत असं सांगा की तो 'हो, हेच' म्हणाला पाहिजे. तो तसं म्हणेपर्यंत आपलं मत मांडायचं नाही. लेखाचं पुढचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. पुढे काय होतं ते त्यात असावं, असं आता वाटतं.

मी ताईला फोन करून हा नियम समजावला. "करून बघा," ती म्हणाली, "पण माझ्या घरी नको आणि आईसमोर नको." राहता राहिला आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल. आणि इथूनच काट्याचा नायटा व्हायला सुरुवात झाली.

हॉल वापरायचा तर सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागतो. सेक्रेटरी हा सज्जन माणूस आहे. नियम नसता तर तो कोणालाही नाही म्हणाला नसता. "विषय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राजकारण. ते म्हणाले, "राजकीय सभांना बंदी आहे." मी म्हटलं, सभा नाही, मी आणि माझे भावोजी. ते म्हणाले, "मग खासगी कार्यक्रम. खासगी कार्यक्रमांनाही बंदी आहे. कार्यक्रम सर्व सभासदांना खुला हवा." मी म्हटलं, मग सगळ्यांना खुला करा. ते म्हणाले, "सगळ्यांना खुला केला की ती सभा झाली." शेवटी त्यांनीच तोड काढली: विषय लिहायचा 'चर्चा कशी करावी, याचे प्रात्यक्षिक'. प्रात्यक्षिकाला बंदी नव्हती. मागे कोणीतरी आग विझवण्याचं प्रात्यक्षिक केलं होतं, त्याच सदरात आम्हाला बसवण्यात आलं.

फलकावर सूचना लागली आणि उंटावरचे शहाणे एकेक करून खाली उतरायला लागले. आमच्या समोरच्या दाराला एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर कोर्टात पुकारा करण्याचं काम केल्यामुळे आम्ही सगळे त्यांना 'हाजिर हो' म्हणतो, अर्थात पाठीमागे. ते म्हणाले, "अध्यक्ष कोण? अध्यक्षाशिवाय दोन माणसं बोलली तर त्याला बाचाबाची म्हणतात." मी विचारलं, कोणाला करू या? त्यांनी मान खाली घालून इतक्या विनयाने 'बघा बुवा' म्हटलं की दुसरं नाव सुचायची सोयच राहिली नाही. दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्यांनी नाटकाच्या तालमी घेतल्या आहेत, घर मोठं सांभाळलं आहे, आणि नवऱ्याला गप्प करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. काकू म्हणाल्या, "नियम वगैरे ठीक आहे रे, पण दुसरा बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही हे माणसाला जमत नाही. ऐकणाऱ्याने तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. समोरच्याचं संपलं की मग गिळून बोलायचं."

मला ही युक्ती फार आवडली. अजूनही युक्ती म्हणून तिच्यात काही दोष आहे असं मला वाटत नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हॉल भरला. लोक चर्चेसाठी आले होते असं म्हणवत नाही. बऱ्याच जणांची समजूत आगीचंच प्रात्यक्षिक आहे अशी होती. हॉलच्या मधोमध टेबल टेनिसचं टेबल आहे. ते मिटत नाही, आणि मिटत नाही म्हणून हलतही नाही. त्यामुळे मला एका टोकाला बसवलं, भावोजींना दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये जाळी. जाळीपाशी अध्यक्ष. ताई पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, तिने माझ्याकडे बघून हलवली नाही.

आधी भावोजी बोलले. मी घोट धरून ऐकत होतो. तोंडात पाणी असलं की कान जरा जास्त उघडतात, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा. भावोजींचं बोलणं मुद्देसूद होतं: रुग्णवाहिका कुठून जाणार, दुकानांत माल कसा उतरणार, ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं. मग ते थांबले, त्यांनी घोट घेतला आणि मी माझा गिळला.

"तुमचं म्हणणं असं," मी म्हणालो, "की रस्ता गाड्यांचा आहे आणि माणसं ही त्यातली अडचण आहे."

भावोजींनी जोरात मान हलवली, आडवी. अध्यक्ष ओरडले, "अमान्य."

"बरं. तुमचं म्हणणं असं, की म्हाताऱ्यांना चालता येत नाही, म्हणून जे चालतात त्यांच्या अंगावर गाड्या घालाव्यात."

"अमान्य." भावोजींचे गाल फुगले होते आणि कान तांबडे झाले होते. मागून कोणीतरी म्हणालं, बरोबर तर सांगतोय. दुसरं कोणी म्हणालं, काय बरोबर, कप्पाळ? हॉलचे बघता बघता दोन भाग पडले आणि भागही जाळीच्या रेषेत पडले.

भावोजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. राग आला की ते चष्मा काढतात. समोरचा माणूस अंधूक दिसला म्हणजे सोसायला सोपा जात असावा. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी मी काही म्हणजे काही बदललं नाही. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं म्हटलं, फक्त त्यांच्या आवाजात, थोडं नाकातून. सगळा हॉल हसला. आणि भावोजींच्या तोंडातला घोट जाळीवरून थेट बाहेर आला.

तो मला लागला नाही, अध्यक्षांना लागला. अध्यक्ष ताडकन उठले, खुर्ची मागे गेली, टेबल हादरलं, चष्मा घरंगळत खाली पडला. 'शांतता' असं म्हणत अध्यक्षांनी जो पाय आपटला तो त्याच्यावरच. काच फुटल्याचा आवाज मी धंद्यामुळे कुठेही ओळखतो. त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला रस्त्याशी संबंध नव्हता. कोण कोणाच्या जागेत गाडी लावतो, कोण पहाटे पलंग ओढतो, कोण लिफ्टचं दार उघडं टाकतो, अशी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली प्रकरणं एकदम बाहेर आली. काकू खुर्चीवर उभ्या राहून सगळ्यांना घोट घ्या, घोट घ्या म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची सूचना लागली: यापुढे हॉलमध्ये कोणत्याही प्रकारचं प्रात्यक्षिक करता येणार नाही. आगीचं प्रात्यक्षिकसुद्धा बंद झालं, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला.

ताई जाताना माझ्याशी एकच वाक्य बोलली. "तू त्यांचं म्हणणं सांगत नव्हतास, त्यांची नक्कल करत होतास."

रविवारी आईने ती दोन ताटं मांडलीच नाहीत. सवय गेली असावी. मला त्या मांडून उचलण्यापेक्षा हे जास्त लागलं. मी जेवता जेवता उठून हात धुतले आणि उगाचच बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

भावोजींच्या बातम्या बायकोकडून कळत होत्या. चिकटपट्टी लावलेला चष्मा घालून ते हिंडत होते. गाडी शिकवण्याचा परवाना नव्याने करायची वेळ आली होती आणि त्याला नजर तपासल्याचा दाखला लागतो. परवान्याच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी त्यांना भिंतीवरचा फलक वाचायला सांगितला, तर त्यांनी शेजारच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचून दाखवल्या. बाई म्हणाल्या, आधी चष्मा, मग दाखला, मग परवाना. माझ्याकडे यायचं नाही म्हणून भावोजी चौकातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडे गेले. तिथे काय झालं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं.

कारण एका दुपारी ते माझ्या दुकानाच्या दारात उभे होते.

"नंबरासाठी आलोय," ते म्हणाले. "बाकी कशासाठी नाही."

"या, बसा," मी म्हटलं. दुकानात मी दुकानदार असतो. तिथे कोणी आलं की मी बसा म्हणतो, तो कोणत्याही पक्षाचा असो.

"त्या चौकातल्याकडे गेलो होतो. हे बरं दिसतं की ते बरं, असं विचारलंन. मी म्हटलं, पहिलं. तर म्हणतो, नाही, तुम्हाला दुसरंच बरं दिसायला पाहिजे. मी म्हटलं, डोळे माझे आहेत. तर मला म्हणतो, शिक्षण माझं आहे."

मी हसलो नाही, पण हसू दाबल्याचं त्यांना दिसलं असावं. अर्थात त्या चष्म्यातून काय दिसलं असेल कोण जाणे. मागच्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं, पडदा ओढला, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला आणि तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली. मग माझं रोजचं काम सुरू झालं. एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता?"

"दुसरं. नाही, थांब."

मी थांबलो. गिऱ्हाईक थांब म्हणालं की मी थांबतोच. "परत दाखव," ते म्हणाले. मी परत दाखवलं. "हां, दुसरंच." मी दुसरं ठेवलं आणि माझा हात तिथेच राहिला. रविवारच्या टेबलावर याच माणसाच्या याच 'थांब'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. इथे मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांना काय दिसतं ते त्यांनी सांगितल्याशिवाय मला कळायची सोयच नाही, हे इथे मी धरूनच चाललो होतो. (लोक अशा वेळी 'दृष्टिकोन' या शब्दावर काहीतरी बोलतात. दुकानात तो विनोद इतक्या गिऱ्हाइकांनी केला आहे की मी तो वापरणं सोडून दिलं आहे.)

भिंगावरचा हात न काढता, त्याच आवाजात मी विचारलं, "मुख्य रस्ता बंद झाला तर तुम्हाला काय दिसतं?"

भावोजीही तक्त्याकडे बघत त्याच आवाजात म्हणाले, "मागची गल्ली दिसते. सगळ्या गाड्या तिथून जाणार. मी नवख्यांना तिथे शिकवतो, आणि तिथेच शाळा सुटते. नवखा माणूस, समोर पोरं आणि मागून कोणीतरी भोंगा वाजवतोय. माझा पाय ब्रेकवर असतो, सगळ्यांचा नसतो."

"आणखी?"

त्यांनी नाकावरची फ्रेम सरळ केली. 'आणखी' असं त्यांना बहुधा कोणी विचारलं नसावं. "आणखी म्हणजे, त्या गल्लीचं काही करणार असतील तर मुख्य रस्ता बंद करायला माझी हरकत नाही. संध्याकाळचा तर कराच. चालायला बरं वाटेल."

भिंग माझ्या हातातून सुटायचं राहिलं. "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे?"

"निम्मा होतो," भावोजी म्हणाले. "त्या रविवारी तेच सांगणार होतो. तेवढ्यात तू म्हणालास, त्यांना मत देणारे सगळे मूर्ख. मी दिलं होतं ना मत. मग मूर्ख तर मूर्ख, गेलो पूर्ण तिकडे."

मला एकदम लाज वाटली. दाढी करताना घोटलेल्या त्या झकास वाक्याने मी आमच्या पक्षाकडे चालत येणारा एक माणूस धक्का देऊन परत पाठवला होता, आणि वर त्याच्यावर विजय मिळवल्यासारखा जेवत बसलो होतो. शाळेच्या गल्लीचा मी विचारच केला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं. मूर्ख म्हणायला नको होतं, हेही सांगितलं.

"मीही ते चष्मेवाल्याचं बोलायला नको होतं," ते म्हणाले.

"ते वाक्य चांगलं होतं."

"चांगलं होतं ना?"

"त्याचाच तर त्रास झाला. पण मुळात..." मी म्हणालो, आणि सवयीने थांबलो.

भावोजी थांब म्हणाले नाहीत. फ्रेममधून माझ्याकडे बघत शांतपणे वाट बघत राहिले. "मुळात काय?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा रस्ता मोकळा मिळाला होता आणि मुळात काय, हे मलाच माहीत नव्हतं. मी मुकाट्याने पुढचं भिंग घातलं. "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच दिसतंय."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक असं म्हणालं की नंबर सापडला असं समजतात. हे फक्त चष्म्यापुरतं. राजकारणात दोन्ही सारखंच म्हणणाऱ्या माणसावर माझा अजूनही विश्वास नाही, आणि भावोजींचाही नाही. या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून एकमत आहे.

पुढच्याच रविवारी ताई आणि भावोजी आले. आईने फळीवरून दोन ताटं काढली, स्वच्छच होती तरी पुसली. सुरुवातीला आम्ही दोघे इतकं सांभाळून बोलत होतो की ताईने विचारलं, कोणी आजारी आहे का? मग निम्मं जेवण झालं आणि विषय निघाला. शाळेच्या गल्लीत गाड्या कोणत्या वेळी सोडायच्या, यावरून आमचे आवाज चढले. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त चढले, कारण आता दोघांनाही एकमेकांचे मुद्दे माहीत होते.

"तुमचं म्हणणं असं, की शाळा सुटायच्या वेळी गल्ली बंद आणि मुख्य रस्ता चालू," मी म्हणालो. "हेच ना?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे?"

"म्हणजे पुढचं भिंग लाव." भावोजींनी भात मागून घेतला. "आणि आईंनाही असंच वाटतं. आई आमच्याच बाजूच्या आहेत."

"वा. आई पहिल्यापासून आमच्या बाजूची आहे."

असं म्हणालो आणि आम्ही दोघेही थांबलो. दर मतदानाला एकदा मी आणि एकदा भावोजी, असं आम्ही तिला आलटून पालटून नेत आलो आहोत. तिला तिथे नेलं आहे, परत आणलं आहे, बोटावरची शाई बघितली आहे. विचारलं मात्र कधीच नव्हतं. आई आमच्या मध्ये उभी होती, हातात भाताचं पातेलं.

"आई," मी विचारलं, "तू मत कोणाला देतेस?"

आईने पातेलं टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग भावोजींकडे बघितलं. आपल्या खुर्चीवर सावकाश बसली, समोरचा पेला उचलला, पाण्याचा एक मोठा घोट तोंडात घेतला, आणि गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून, आता बोला अशी हाताने खूण केली.